अब्दुल्ला : ‘ईश्वराचा सेवक’

‘अब्दुल्ला’ हे नाव कानी पडताच ती व्यक्ती मुस्लिम असणार, असे आपण सहज गृहीत धरतो. नोकरीनिमित्त आखाती देशांत गेलेल्या आपल्या बांधवांना मात्र तेथे मिस्साबलिदानाच्या वेळी ह्याच नावाचा लेबनॉनी वा सिरियन ख्रिस्ती भाविक भेटू शकतो. म्हणून ह्या नावाचा अर्थ आपण समजून घेणे अगत्याचे वाटते.

अरबी भाषेत ‘अब्द’ म्हणजे सेवक, दास आणि ‘अल्लाह’ म्हणजे देव. अरबी भाषक ख्रिस्ती लोकही प्रार्थनेत देवाला ‘अल्लाह’ असेच संबोधतात. इस्लामच्या उदयापूर्वीही हे नाव प्रचलित होते. मुहंमद पैगंबरांच्या पित्याचे नाव अब्दुल्लाच होते. इस्लामच्या प्रसाराबरोबर ते तुर्कस्तान, इराण, भारत, मलेशिया असे दूरवर पोहोचले. पश्चिम आफ्रिकेत त्याचे ‘अब्दुलाय’ झाले.

ह्या नावातील आशय आपल्या पवित्र शास्त्रालाही परका नाही. हिब्रू भाषेत ‘अब्द’चा सगोत्र शब्द ‘एबेद’ असा आहे. ओबद्या संदेष्ट्याच्या नावाचा अर्थ ‘परमेश्वराचा सेवक’ असाच होतो. यशयाच्या ग्रंथातील दुःख सोसणारा सेवक आपल्या परिचयाचा आहे. पवित्र मरियेने देवदूतासमोर स्वतःला प्रभूची दासी म्हटले, तर संत पौलाने फिलिप्पैकरांस लिहिताना स्वतःला ख्रिस्त येशूचा दास म्हणवून घेतले. आपल्याकडील ‘देवदास’ हे नाव तरी ह्याहून वेगळे काय सांगते?

अरब ख्रिस्तसभेने हे नाव आपलेपणाने जपले. अब्दुल्ला झाखिर (१६८४-१७४८) ह्या मेल्काइट कॅथोलिक पंथीयाने लेबनॉनमधील संत योहानाच्या मठात अरबी छापखाना उभारला. १७३४ साली तेथून पहिला ग्रंथ छापून बाहेर पडला.

‘अब्द’ने आरंभ होणाऱ्या दोन नावांची दमास्कस शहरातील कहाणी तर अंतर्मुख करणारी आहे. जुलै १८६० मध्ये तेथे ख्रिस्ती लोकांची कत्तल झाली. फ्रान्सिस, अब्दुल मुअती व राफाएल मसाबकी ह्या तीन मारोनाइट भावांना फ्रान्सिस्कन मठात आपल्या श्रद्धेसाठी मरण पत्करावे लागले. ‘अब्दुल मुअती’ म्हणजे ‘दात्याचा सेवक’. ह्या तिघा प्रापंचिक बंधूंना पोप फ्रान्सिस ह्यांनी २० ऑक्टोबर २०२४ रोजी संतपद बहाल केले. त्याच कत्तलीत हजारो ख्रिस्ती लोकांना आश्रय देऊन त्यांचे प्राण वाचविणारे अल्जीरियाचे मुस्लिम नेते होते अमीर अब्दुल कादिर, म्हणजे ‘सर्वसमर्थाचा सेवक’. एका सेवकाने श्रद्धेसाठी प्राण दिले, दुसऱ्याने परधर्मीयांचे प्राण राखले. दोघांनीही आपापले नाव सार्थ केले.

नावावरून माणसाची पारख करण्याची सवय आज समाजात बळावत आहे. अशा वेळी आपल्या शेजारच्या अब्दुल्लाला हाक मारताना त्या हाकेत देवाचेही नाव उच्चारले जाते, ह्याचे भान आपण ठेवू या. आणि स्नानसंस्काराने आपणांसही ईश्वराच्या सेवेसाठीच पाचारण झालेले आहे, हे विसरू नये.