सांडपाण्याचे विरजण



शंभर किलो उसात सुमारे सत्तर किलो पाणीच असते. ते, धुण्याचे पाणी व सांडलेला रस मिळून कारखान्याचे सांडपाणी होते. रस गोड खरा, पण ओढ्यात गेला की जंतू त्यावर तुटून पडतात, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. शेवगावच्या उत्तरेकडचे ओढे गोदावरीला, म्हणजे नाथसागराला मिळतात. त्याच धरणातून शेवगाव-पाथर्डीला पिण्याचे पाणी येते. तेव्हा हा प्रश्न आपल्याच घागरीचा आहे.

यावर उपायही जंतूंचाच! मात्र मोकळे सोडले तर ते पाण्याबरोबर वाहून जातात. सगळे दही वाढून टाकले, विरजण ठेवलेच नाही, तर उद्या दही लागणार कसे? म्हणून जंतूंना जागेवर धरून ठेवतात. पाटातल्या दगडावर बुळबुळीत थर धरतो ना, तसाच थर टाकीतल्या खडीवर किंवा प्लॅस्टिकच्या तुकड्यांवर धरवतात. पाणी पुढे जाते, जंतू मागे राहतात.

हॉलंडात 1970 नंतरच्या दशकात लेटिंगा या शास्त्रज्ञाने बीट-साखरेच्या सांडपाण्यावर वेगळीच रीत बसवली. बंद टाकीत पाणी खालून वर सोडले, तेव्हा जंतूंनीच एकमेकांना चिकटून बाजरीच्या दाण्याएवढ्या गोळ्या केल्या. त्या जड, म्हणून वाहून जात नाहीत. गोबरगॅससारखा गॅस मिळतो, तो बॉयलरला चालतो. शिवाय गाळप बंद असताना या गोळ्या कित्येक महिने उपाशी तग धरतात. आपल्या हंगामाला हे सोयीचेच.

आसवनीचे मळीचे पाणी मात्र जड दुखणे. एक लिटर अल्कोहोलमागे ते 8 ते 15 लिटर निघते. सभासद विचारतात, "गॅस काढला तरी पाणी तांबडंच, मग जंतूंनी केलं काय?" प्रश्न रास्त आहे. जंतू बराचसा सेंद्रिय भाग खातात, पण तो रंग त्यांना सहजी पचत नाही. म्हणूनच हे पाणी आटवून बॉयलरमध्ये जाळतात किंवा प्रेसमडमध्ये मुरवून खत करतात. ओढ्यात सोडणे हा उपाय नव्हेच.

आणखी एक. कढया धुण्याचे कॉस्टिकचे पाणी एकदम टाकीत सोडले, तर जंतू मरतात आणि पुन्हा शेणकाला घालून आठवडेच्या आठवडे वाट बघावी लागते. कामगार बंधूंनी हे ध्यानात ठेवावे. सभासदांनीही विहिरीच्या पाण्याला रंग वा वास दिसताच शेतकी गटकार्यालयात कळवावे. लपवू नये, आम्हीही लपवणार नाही. कारखाना आपला, तशी विहीरही आपलीच.