राजगृह आणि वेळुवन

कोकणातून मुंबईला चैत्यभूमीसाठी जाणारा आपला माणूस दादरच्या पश्चिमेला उतरतो, समुद्राकडे चालू लागतो आणि अभिवादन करून परततो. स्टेशनच्या पूर्वेला हिंदू कॉलनीत 'राजगृह' उभे आहे, तेथे त्याच्याइतकी पावले वळत नाहीत. जी वळतात तीही बहुधा हात जोडून बाहेर पडतात. या घराला हेच नाव का, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. तो विचारला गेला पाहिजे, म्हणून हे टिपण.

आधी घराविषयी. परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत बाबासाहेबांनी उमेदीची वर्षे काढली. माणसांची ये-जा, मुले, आणि भिंतीला टेकून रचलेली पुस्तके. त्या पुस्तकांना जागा हवी, हे राजगृह बांधण्याचे मोठे कारण होते. १९३१ साली काम सुरू झाले, १९३३ मध्ये संपले. वर ग्रंथालय, खाली कुटुंब. आपल्याकडे घर बांधणारा आधी देवघराची दिशा पाहतो. येथे कपाटांची सोय पाहिली गेली. 'चारमिनार' नावाची दुसरी इमारत त्यांना १९४१ मध्ये विकावी लागली, राजगृह मात्र राहिले. रमाबाईंच्या वाट्याला हे घर फार थोडा काळ आले. २७ मे १९३५ रोजी त्यांचे येथेच निधन झाले. ६ डिसेंबर १९५६ च्या रात्री बाबासाहेबांचे पार्थिव दिल्लीहून विमानाने मुंबईत आले, तेही याच घरी.

आम्हा कोकणवाल्यांना या घराचा आणखी एक अर्थ लागतो. आमचा सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होता, आणि रत्नागिरी म्हणजे खोतीचा मुलूख. झोपडी आपण बांधायची, पण तिच्याखालची जमीन खोताची. 'ऊठ' म्हटले की उठायचे. राजगृहात राहत असतानाच बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्याने. माझे आजोबा ज्या घरात वारले त्या घराखालचा तुकडा त्यांच्या नावावर कधी झाला नाही. अशा घरातून आलेल्या माणसाला स्वतःच्या जमिनीवरच्या दुमजली घराची किंमत कोणी शिकवावी लागत नाही.

आता नावाविषयी. राजगृह ही मगधाची जुनी राजधानी, म्हणजे बिहारमधले आजचे राजगीर. तेथे बिंबिसार राजाने बुद्धाला आपली वेळूची बाग दिली, ते वेळुवन. वेळू म्हणजे बांबू. आमच्याकडे चिव्याची बेटे असतात तशी बेटे. संघाला मिळालेले हे पहिले उद्यान मानले जाते. विनयपिटकात राजाचा विचार नोंदला आहे तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. जागा गावापासून फार दूर नको, फार जवळही नको. लोकांना येता-जाता यावे. दिवसा गर्दी नसावी, रात्री गलबला नसावा. म्हणजे ध्यानाची ती बाग अरण्यात नव्हती, व्यापार चालणाऱ्या, सैन्य बाळगणाऱ्या राजधानीच्या वेशीशी होती. माणसाने प्रश्न घेऊन यावे आणि संध्याकाळी घरी परतावे, इतक्या अंतरावर.

येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची, आणि घराला नाव मिळाले ते त्याच्या आधी. नागपूर तर आणखी २१ वर्षांनी. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. धर्मांतर हा म्हातारपणी सुचलेला विचार, असे म्हणणारे पंडित अजून आहेत. त्यांनी दरवाजावरची पाटी वाचावी.

गेल्या वर्षी बारा विद्यार्थ्यांना घेऊन मी तेथे गेलो. तुतारी एक्सप्रेसने सकाळी दादर. तळमजल्यावर बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू, छायाचित्रे आणि अस्थिकलश आहे. वेळुवनाची गोष्ट गाडीतच सांगून झाली होती, त्यामुळे मालवणच्या एका मुलीने विचारले, "सर, पन बाग खंय आसा?" बाग नाही. अंगणात कुंड्या आहेत. ७ जुलै २०२० रोजी कोणीतरी घुसून त्याच फोडल्या होत्या, काचांवर दगड मारले होते, कॅमेराही मोडला होता. मी तिला वरच्या मजल्याकडे बोट दाखवले. रात्र-रात्र जागून ज्याने तेथे वाचले, त्याचे वेळुवन तेच. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाच्या आरंभीच बाबासाहेब विचारतात, की भिक्षू कशासाठी निर्माण केला, केवळ परिपूर्ण माणूस म्हणून की समाजसेवक म्हणून? ध्यान म्हणजे डोळे मिटणे एवढेच ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी हा प्रश्न अडचणीचा आहे.

दिल्लीत २६, अलीपूर रोड येथे बाबासाहेबांचे निधन झाले. ते भाड्याचे घर होते; पुढे ते विकले गेले, पाडले गेले. तेथे १३ एप्रिल २०१८ रोजी उघडलेल्या स्मारकाचा आकार उघड्या ग्रंथासारखा आहे, मागे ध्यानकेंद्रही आहे. मी ते पाहिले आहे. स्वच्छ, देखणे आहे. पण मूळ घराची एक भिंत तेथे असती तर मी त्या सगळ्या संगमरवरावर पाणी सोडले असते.

राजगृह पाहायचे तर ६ डिसेंबर टाळून जावे. त्या दिवशी रांग पुढे ढकलते, उभे राहता येत नाही. आणि तेथून तसेच फोर्टला जावे. बाबासाहेबांचे बरेच ग्रंथ १९४६ मध्ये सुरू झालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाकडे गेले. आमची मुले त्या इमारतीच्या पायऱ्यांवर डबे उघडून बसली, आणि गाडीची वेळ होईपर्यंत खोतीवरच वाद घालत होती.