कागदाला वास कळतो तेव्हा

सदऱ्यावरील हळदीच्या डागाला साबण लागला की डाग लाल होतो, हे तुम्ही पाहिले असेलच. थोडी हळद स्पिरिटमध्ये कालवा (जवळ ज्योत नको), तीत गाळणकागद बुडवून वाळवा आणि त्यावर धुण्याच्या सोड्याचे अगदी पातळ द्रावण लावा. कागद लाल होईल. आता हा ओलसर कागद व्हिनेगरच्या बाटलीच्या तोंडावर धरा. द्रवाला स्पर्शही न होता तो हळूहळू पुन्हा पिवळा पडतो. व्हिनेगरची वाफ त्याने ओळखली!

असेच काम काही बहुवारिके, म्हणजे पॉलिमर, अधिक नेमकेपणाने करतात. पुण्यात पाषाण येथे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. तिचे उद्घाटन 3 जानेवारी 1950 रोजी झाले. तेथे ज्या बहुवारिकांचा अभ्यास झाला, त्यांपैकी एक पॉलिअ‍ॅनिलीन. बेन्झीनची कडी आणि नायट्रोजनचे अणू एकाआड एक गुंफलेली ही लांबलचक साखळी असते. तिच्या निळ्या पापुद्र्यावर आम्लाची वाफ आली की आम्लातील प्रोटॉन नायट्रोजनला चिकटतात, इलेक्ट्रॉन साखळीभर मोकळे फिरू लागतात आणि पापुद्रा हिरवा होतो. अमोनिया दिल्यास पुन्हा निळा!

हा काही नुसता रंगांचा खेळ नाही. 20 मार्च 1995 रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन या विषारी द्रव्याचा हल्ला झाला. त्यात अनेकांचा मृत्यू झाला व हजारोंना बाधा झाली. शुद्ध सरीनला रंग नाही, वासही नाही; नाकावर विसंबून भागत नाही. त्याच्या रेणूत फॉस्फरसला फ्ल्युओरीनचा अणू जोडलेला असतो. पाण्याशी विक्रिया झाली की तो सुटतो आणि हायड्रोजन फ्ल्युओराइड हे आम्ल तयार होते. मग पॉलिअ‍ॅनिलीनची पट्टी लावली की झाले, असे वाटेल. पण ती मिठाच्या आम्लाच्या वाफेनेही हिरवी होते. खोटी हाक वारंवार देणाऱ्या पहारेकऱ्याकडे शेवटी कोण लक्ष देणार?

येथे काचेची एक जुनी खोड उपयोगी पडली. हायड्रोजन फ्ल्युओराइड काच खाते, कारण फ्ल्युओरीनला सिलिकॉनची विलक्षण ओढ असते. इतर नेहमीच्या आम्लांना ते जमत नाही. 2003 मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत किम आणि स्वॅगर यांनी बहुवारिकाच्या साखळीवर सिलिकॉनची 'टोपणे' बसवली. फ्ल्युओराइड आयन आला की टोपण उडते, उघड्या पडलेल्या भागाचे नवे कडे जुळते आणि साखळीच्या चमकेचा रंग पालटतो. शिवाय साखळीने शोषलेली प्रकाशऊर्जा तिच्यावरून धावत त्या एका बदललेल्या जागी पोचते. त्यामुळे थोडीच टोपणे उडाली तरी फरक दिसतो. मला स्वतःला रंगापेक्षा ही धावपळच अधिक गमतीची वाटते.

मात्र फ्ल्युओरीन असलेली प्रत्येक वाफ अशी सापडत नाही. मोटारीच्या वातानुकूलन यंत्रात वापरला जाणारा आर-134ए हा वायू घ्या. त्यातील फ्ल्युओरीन कार्बनला घट्ट बांधलेला असतो. साध्या तापमानाला तो सुटत नाही आणि टोपण जागचे हलत नाही. तोच वायू आगीत सापडला, तर विघटन होऊन हायड्रोजन फ्ल्युओराइड बाहेर पडते.