बैल गाडीच्या मागे!

मोटारींची मला भारी हौस. बाळगण्याची नव्हे, नुसती पाहण्याची! मुलीकडे इंग्लंडला गेलो असता नातवाने मला एका मोटारसंग्रहालयात नेले. तेथे शर्यतीची एक जुनी गाडी होती. चारही चाके उघडी, चिरुटासारखे बुटके अंग आणि इंजिन चक्क चालकाच्या पाठीमागे! "आजोबा, ही कूपर," नातू म्हणाला. मला हसू आले. बैल गाडीपुढे जुंपायचा, हे शेंबड्या पोरालाही कळते! पण तिची हकिगत कळली आणि माझे हसू मावळले.

१९४६ साली चार्ल्स कूपर आणि त्याचा मुलगा जॉन यांनी सर्बिटनच्या आपल्या गॅरेजात अशी पहिली गाडी जुळवली. युद्ध नुकतेच संपलेले, मालाची चणचण. दोन लहान फियाट गाड्यांचे पुढचे भाग त्यांनी पाठीला पाठ लावून जोडले. इंजिन मोटारसायकलचे, ५०० सीसीचे. त्याची साखळी मागच्या चाकांना पोहोचावी, म्हणून इंजिन मागे. शास्त्र कसले, निव्वळ सोय!

पण सोयीतूनच शास्त्र निघाले. इंजिन पुढे असले की मागच्या चाकांकडे जाणारा लांबलचक शाफ्ट चालकाच्या बैठकीखालून न्यावा लागे. तो गेला, चालक खाली बसला, गाडी बुटकी नि हलकी झाली. वारा कमी अडू लागला, टायर कमी झिजू लागले.

खरी कसोटी लागली १९५८ च्या जानेवारीत, ब्यूनॉस आयर्सला. स्टर्लिंग मॉसच्या कूपरचे इंजिन जेमतेम दोन लिटरचे. फेरारींचे त्याहून मोठे. त्यातून कूपरचे प्रत्येक चाक चार नटांनी आवळलेले. टायर बदलायला थांबला की शर्यत गेलीच! मॉसच्या माणसांनी नवी चाके काढून थांबण्याचे नुसते सोंग केले. प्रतिस्पर्धी निर्धास्त राहिले आणि मॉस थांबलाच नाही. शेवटी रबर झिजून आतले कापड दिसू लागले. टायर फुटला असता तर? रस्त्यावरच्या तेलकट पट्ट्यांवरून, रबर जपत त्याने गाडी आणली आणि २.७ सेकंदांनी जिंकली!

१९५९ आणि १९६० साली जॅक ब्रॅबहॅम कूपरमधूनच जगज्जेता झाला. १९६१ मध्ये खुद्द फेरारीने इंजिन मागे नेऊन अजिंक्यपद मिळवले. आजही फॉर्म्युला वनच्या साऱ्या गाड्यांचे इंजिन मागेच असते.

निघताना नातवाने मिस्किलपणे विचारले, "मग आजोबा, बैल कुठे जुंपायचा?"

म्हटले, "साखळी पुरेल तिथे, बाळा!"