नोटीस भिंतीवर लागली; आता गाळ्याचे काय?

पावसाळा तोंडावर आला की भिवंडी-निजामपूर महापालिकेची माणसे धोकादायक इमारतींच्या भिंतींवर नोटिसा चिकटवीत फिरू लागतात. नोटीस लागते, चार दिवस मोहल्ल्यात चर्चा होते, मालक भाडेकरूकडे आणि भाडेकरू मालकाकडे बोट दाखवतो. पहिला जोराचा पाऊस झाला की कागद भिंतीवरच विरून जातो. खाली लूम चालूच असतात आणि वरच्या मजल्यावर मुले झोपलेली असतात.

२१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमधील तीन मजली जिलानी इमारत कोसळली. लोक गाढ झोपेत होते. ३८ माणसे गेली. इमारत १९८४ सालची, म्हणजे अवघी छत्तीस वर्षांची होती. मुंबई उच्च न्यायालयाने या दुर्घटनेची स्वतःहून दखल घेतली. पुढे २९ एप्रिल २०२३ रोजी शहराबाहेरच्या वळपाडा भागात, खाली गोदाम असलेली आणि वर कुटुंबे राहत असलेली इमारत पडली. तेथे ८ जण दगावले. इमारत जुनीच असते तेव्हा पडते असेही नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाट्याला बांधकाम चालू असतानाच बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ जणांचा जीव गेला.

या घटना आपल्या वाचकांना ठाऊक आहेत. तरीही नोटीस लागलेली इमारत सहसा रिकामी होत नाही. याला लोकांचा अडाणीपणा म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. कारखानदाराला छताची भीती वाटतेच. पण गाळा एकदा सोडला की तो परत मिळणार नाही, ही भीती त्याहून मोठी असते. बापाने पगडी देऊन घेतलेली जागा, त्यावर बँकेचे कर्ज, त्यात बारा-चोवीस लूम, आणि त्यांवर पोट असलेले कारागीर. एवढे सगळे एका कागदावर विश्वासून कोण सोडील? म्हणून आज आम्ही या भीतीविषयीच लिहीत आहोत. तिचा काही भाग खरा आहे आणि काही भाग निव्वळ ऐकीव आहे.

पहिली गोष्ट, नोटीस नीट वाचावी. सगळ्या धोकादायक इमारती एका मापाच्या नसतात. त्यांचे चार वर्ग केले जातात. 'सी-१' म्हणजे अतिधोकादायक. ती ताबडतोब रिकामी करून पाडायची. 'सी-२अ' म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करायची. 'सी-२ब' म्हणजे माणसे न हलविता दुरुस्ती करायची. 'सी-३' म्हणजे किरकोळ दुरुस्ती. कित्येक जण 'धोकादायक' हा एकच शब्द वाचून घाबरतात किंवा एकच शब्द वाचून कागद बाजूला ठेवतात. आपला वर्ग कोणता हे प्रभाग कार्यालयात जाऊन लेखी विचारावे.

दुसरी गोष्ट, इमारतीची तपासणी ही फक्त मालकाची जबाबदारी नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५अ नुसार तीस वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची तपासणी महापालिकेकडे नोंदलेल्या स्ट्रक्चरल इंजिनियरकडून करून घ्यावी लागते, आणि कायद्यात 'मालक किंवा भोगवटादार' असे शब्द आहेत. भोगवटादार म्हणजे जो जागा वापरतो तो, म्हणजे आपणही. मालक परगावी असेल, वारसांत वाद असेल किंवा तो मुद्दाम टाळत असेल, तर भाडेकरूंनी वर्गणी काढून तपासणी करून घेता येते. दहा गाळेवाल्यांत वाटला तर हा खर्च कोणालाही जड जाणार नाही.

येथे एक शंका नेहमी काढली जाते. मालकच हाताशी इंजिनियर धरून बरी इमारत 'सी-१' ठरवून घेतो, भाडेकरू काढतो आणि जागा बिल्डरला देतो, असे लोक म्हणतात. ही शंका अगदीच निराधार नाही. पण तिला उत्तर म्हणून आत बसून राहू नये. भाडेकरूंनी आपला स्वतंत्र अहवाल करून तो महापालिकेला सादर करावा. दोन अहवाल परस्परविरोधी आले तर प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीपुढे नेण्याची पद्धत आहे. समितीनेही 'सी-१' म्हटले, तर मग वाद संपला असे समजून बाहेर पडावे.

आता मुख्य प्रश्न: इमारत पडली किंवा पाडली तर भाडेकरूचा हक्क जातो का? बाजारात सर्रास 'जातो' असे सांगितले जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली याचे उत्तर 'नाही' असे दिले. प्रकरण आपल्याच राज्यातले, सांगलीचे होते. महापालिकेने मोडकळीस आलेली इमारत पाडली होती, आणि इमारतच उरली नाही म्हणून भाडेकरारही संपला असे मालकाचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मान्य केले नाही. भाडेकरूचा संबंध भिंतींशी असतो तसा खालच्या जमिनीशीही असतो. भिंती गेल्या म्हणून तो हक्क आपोआप संपत नाही. याशिवाय राज्य शासनाने २०१५ साली महापालिकांना दिलेल्या सूचनांप्रमाणे इमारत पाडण्यापूर्वी तेथील भाडेकरूंची नोंद आणि प्रत्येकाच्या ताब्यातील क्षेत्रफळ मोजून ठेवायचे असते. हे मोजमाप आपल्या डोळ्यांदेखत करून घ्यावे आणि त्याची सहीशिक्क्याची प्रत मिळाल्याशिवाय शेवटचे लूम हलवू नये. याचा अर्थ मोजणी होईपर्यंत महिना-दोन महिने आत राहावे असा नव्हे. नोटीस हातात पडली त्याच दिवशी मोजणीचा अर्ज द्यावा, आणि मोजणीला उशीर झाला तरी माणसे त्याच रात्री बाहेर काढावीत.

मात्र हक्क असणे वेगळे आणि तो सिद्ध करणे वेगळे. आपले बरेच व्यवहार जबानीवर चालतात. भाडे रोख, पावती नाही, पगडीचा कागद कोऱ्या कागदावर. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार भाड्याची पावती देणे मालकावर बंधनकारक आहे आणि भाडेकरार नोंदवून घेण्याची जबाबदारीही त्याचीच आहे. मालक पावती देत नसेल तर भाडे चेकने किंवा बँकेमार्फत द्यावे, म्हणजे नोंद राहते. ज्यांचा कागद अकरा महिन्यांच्या 'लीव्ह अँड लायसन्स'चा आहे त्यांनी भ्रमात राहू नये. त्यांना भाडेकरूचे हे संरक्षण मिळत नाही. तसेच घरपट्टीची पावती म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे. बेकायदा बांधकामालाही कर लागतो, आणि कर भरला म्हणून ते कायदेशीर होत नाही.

तेव्हा प्रत्येक गाळेवाल्याने एक फाइल करावी आणि ती गाळ्यात न ठेवता घरी किंवा नातेवाइकाकडे ठेवावी. तिच्यात भाडेकरार किंवा पगडीचा कागद, भाड्याच्या पावत्या, वीजबिले, उद्यम नोंदणी, दुकाने व आस्थापना कायद्याखालची पोच, लूमची बिले आणि विम्याची पॉलिसी असावी. छत कोसळले की माणसांबरोबर कागदही ढिगाऱ्याखाली जातात, आणि मग भाडेकरू होतो हे सांगायलाही पुरावा उरत नाही.

जागा बदलताना धंद्याची कागदपत्रेही हलवावी लागतात. जीएसटी नोंदणीतील मुख्य पत्ता बदलला तर १५ दिवसांत दुरुस्तीचा अर्ज करायचा असतो. उद्यम नोंदणीतही नवा पत्ता घालावा. लूम बँकेकडे तारण असतील तर हलविण्यापूर्वी बँकेला लेखी कळवावे. विमा कंपनीलाही कळवावे, कारण पॉलिसीवर जुना पत्ता असेल तर नव्या जागेतील नुकसानीचा दावा अडू शकतो.

दुरुस्तीविषयीही एक तरतूद आहे. इमारत चांगल्या स्थितीत ठेवणे मालकाचे कर्तव्य आहे. तो करीत नसेल तर १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूंना स्वतः दुरुस्ती करता येते आणि खर्च भाड्यातून वळता करता येतो. पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नाही. जुन्या भाड्याच्या जागांत या चौथ्या हिश्श्यातून सिमेंटच्या चार गोणीही येत नाहीत, हे आम्ही जाणतो. म्हणून मालक आणि भाडेकरू यांनी समोरासमोर बसून खर्चाचा वाटा ठरविण्याला पर्याय नाही.

आणि येथेच मोहल्ल्याचे काम सुरू होते. भिवंडीने १९७० आणि १९८४ च्या दंगली पाहिल्या. त्यानंतर त्या दशकाच्या अखेरीस पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी येथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पोलीस आणि सर्व जमातींची माणसे नियमित एकत्र बसू लागली, आणि डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. त्या समित्यांजवळ ना निधी होता ना मोठे अधिकार. ओळख होती, आणि वेळेवर बोलण्याची सवय होती.

तीच सवय आज इमारतींसाठी लावता येईल. मोहल्ल्यातील तीस वर्षांवरच्या इमारतींची यादी करणे, कोणाची तपासणी झाली व कोणाची नाही हे लिहिणे, मालक-भाडेकरूंना एका टेबलावर आणणे, रिकाम्या होणाऱ्या कुटुंबांसाठी पावसाळ्यापुरती जागा पाहून ठेवणे आणि कारागिरांना दुसऱ्या खात्यावर काम लावून देणे. २०२२ साली महापालिकेची मुदत संपल्यावर शहराचा कारभार प्रशासकाकडे गेला, तेव्हा गाऱ्हाणे घेऊन कोणाकडे जावे हेच लोकांना समजेना. नगरसेवक असो वा प्रशासक, लेखी अर्ज आणि त्याची पोच एवढे हत्यार मात्र नागरिकाच्या हाती कायम असते.

लूम दुसऱ्या गाळ्यात पुन्हा बसविता येतात, थांबलेला ताणा पुन्हा चढविता येतो. म्हणून ज्यांच्या भिंतीवर या वर्षी कागद लागला आहे त्यांनी तो आजच नीट वाचावा, आपला वर्ग विचारून घ्यावा आणि 'सी-१' असेल तर आधी वरच्या मजल्यावरची माणसे खाली आणावीत. गाळ्याचा हक्क मागायला माणूस जिवंत असावा लागतो.