जेवणघर हेच पहिलं दालन

लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात, क्रॉमवेल रस्त्यावर ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट’ हे कला आणि हस्तकलांचं भलंमोठं संग्रहालय आहे. लोक त्याला नुसतं ‘व्ही अँड ए’ म्हणतात. आत शिरून शिल्पांची दालनं ओलांडली आणि मधल्या मोकळ्या चौकात आलं, की समोर लाल विटांची, टेराकोटाच्या नक्षीने सजलेली उत्तरेकडची जुनी इमारत दिसते. तिच्या तळमजल्यावर तीन दालनं आहेत. तिथे लोक हातात ट्रे घेऊन रांगेत उभे असतात आणि चहाबरोबर जॅम लावलेले स्कोन खात असतात. घाईतला पर्यटक याला संग्रहालयाचं कँटीन समजतो आणि पाय दुखायला लागले की तिकडे वळतो. खरं तर संग्रहालयात लोकांसाठी बांधलेलं जगातलं पहिलं उपाहारगृह म्हणून ही दालनं ओळखली जातात. माझं म्हणणं त्याच्याही पुढचं आहे. या संग्रहालयाला जगाला जे सांगायचं आहे, ते इथल्या काचेच्या कपाटांपेक्षा इथल्या जेवणाच्या टेबलावर जास्त स्पष्ट कळतं. कलासंस्थेतली खाण्याची जागा ही केवळ सोय नसते, त्या संस्थेच्या विचाराची ती कसोटी असते. ही कसोटी कशी लागते, ते या तीन दालनांत नीट पाहता येतं.

सुरुवात १८५१ पासून करायला हवी. त्या वर्षी हाइड पार्कमध्ये जगभरच्या मालाचं महाप्रदर्शन भरलं आणि त्याच्या नफ्यातून साउथ केन्सिंग्टनची जमीन घेतली गेली. १८५७ मध्ये तिथे ‘साउथ केन्सिंग्टन म्युझियम’ उघडलं. आजचं नाव त्याला १८९९ मध्ये मिळालं. पहिला संचालक हेन्री कोल हा सरकारी अधिकारी होता, आणि नाताळचं पहिलं छापील शुभेच्छापत्रही १८४३ मध्ये त्यानेच काढलं होतं. इंग्लंडच्या कारखान्यांतून माल भरपूर निघतो पण तो बेढब असतो, कारण तो घडवणाऱ्याच्या आणि विकत घेणाऱ्याच्या नजरेला वळण नाही, असं त्याचं निदान होतं. म्हणून संग्रहालय कारागिराने आणि कामगाराने पाहायला हवं. पण तो दिवसा कामावर असतो, तेव्हा कोलने दालनांत गॅसचे दिवे लावले आणि संध्याकाळी दारं उघडी ठेवली. दारूच्या गुत्त्याकडे वळणारी पावलं इकडे वळावीत, अशी त्याची उघड इच्छा होती. इथपर्यंत विचार आला की पुढची पायरी टाळता येत नाही. दिवसभर राबून आलेला माणूस उपाशी असतो आणि उपाशी माणूस चित्रासमोर फार वेळ उभा राहत नाही. त्यामुळे खाण्यापिण्याची सोय या संग्रहालयात सुरुवातीपासूनच होती. पुढे १८६८ मध्ये लोकांसाठी उघडलेली पक्की दालनं कोलने तेव्हाच्या मुख्य दाराच्या समोर आणली. आलेल्या माणसाला आधी जेवणघर दिसावं आणि मग संग्रह, असा हा क्रम होता.

तिन्ही दालनं आज ती सजवणाऱ्यांच्या नावांनी ओळखली जातात. मधलं सर्वांत मोठं दालन जेम्स गॅम्बलचं. त्याचा गुरू गॉडफ्री साइक्स याने योजलेली सजावट साइक्सच्या मृत्यूनंतर गॅम्बलने पुरी केली. भिंती आणि खांब खालपासून वरपर्यंत चिनी मातीच्या झिलईदार फरशांनी मढवलेले आहेत, खांबांवर उठावाची चित्रं आहेत, आणि छत एनॅमल चढवलेल्या लोखंडी पत्र्यांचं आहे. माथ्याच्या पट्टीवर बायबलातलं, माणसाने आनंदाने खावं-प्यावं असं सांगणारं वचन चिनी मातीच्या मोठ्या अक्षरांत फिरवलेलं आहे. त्या अक्षरांत लहान मुलांच्या आकृती खेळताना दिसतात. हा सगळा थाट डोळे दिपवणारा आहे, पण त्याच्यामागे स्वयंपाकघराचा रोकडा हिशेब आहे. जेवणाच्या जागी वाफ असते, धूर असतो, सांडलवंड होते. फरशी ओल्या फडक्याने पुसता येते आणि एनॅमलचा पत्रा पेट घेत नाही. गॅम्बलने उपयोगाची वस्तू आधी निवडली आणि मग तिलाच सुंदर केलं. या संग्रहालयाची सगळी शिकवण या एका निवडीत सामावलेली आहे, आणि ती कुठल्या फलकावर लिहावी लागलेली नाही.

दुसरं दालन एडवर्ड पॉइंटरचं. ते ‘ग्रिल रूम’ होतं. पॉइंटरनेच आखलेल्या लोखंडी आणि पितळी शेगडीवर तिथे मांसाचे तुकडे भाजून वाढले जात. ती शेगडी अजून जागेवर आहे. भिंतींवरच्या निळ्या-पांढऱ्या फरशांवर ऋतूंची आणि महिन्यांची चित्रं आहेत. त्या फरशा संग्रहालयाच्या कलाशाळेत शिकणाऱ्या मुलींनी, त्यासाठीच काढलेल्या वर्गात रंगवल्या. सार्वजनिक इमारतीच्या सजावटीचं काम बायकांना सहसा न मिळण्याच्या काळात ही मोठी गोष्ट होती. तिसरं, हिरवं दालन विल्यम मॉरिसच्या कंपनीचं. तिची स्थापना १८६१ मधली, म्हणजे काम हाती आलं तेव्हा ती नवखीच होती, आणि स्वतः मॉरिस जेमतेम तिशीत. गिलाव्यात उठावाने काढलेल्या ऑलिव्हच्या फांद्या आणि वरच्या पट्टीत सशांमागे धावणारे शिकारी कुत्रे फिलिप वेबचे; रंगीत काचा आणि लाकडी तावदानांवरच्या आकृत्या एडवर्ड बर्न-जोन्सच्या. पुढे ज्यांच्या कामाने इंग्लंडच्या घरांचं रूप बदललं, त्यांना मोठं सार्वजनिक काम द्यायला कोलने राजवाडा किंवा चर्च शोधलं नाही. त्यांना त्याने जेवणघर दिलं.

यावरून निघणारा मुद्दा साधा आहे. हे संग्रहालय ताटं, वाट्या, पडदे, गालिचे, खुर्च्या, दागिने अशा वापरायच्या वस्तूंचं आहे. काचेआड गेली की अशी वस्तू निम्मी मुकी होते. सुरईची मूठ हाताला कशी बसते, फरशीवरचा उजेड जेवणाऱ्याच्या चेहऱ्यावर कसा पडतो, हे कपाटात दिसत नाही. या तीन दालनांत वापर आणि सौंदर्य एकमेकांपासून तोडलेले नाहीत. इथे बसून सूप पिणारा माणूस मॉरिसची भिंत पाहतही असतो आणि वापरतही असतो. संग्रहालय इतर दालनांत जे समजावून सांगतं, ते या दालनांत घडतं. म्हणून यांना प्रदर्शनाच्या मधली विश्रांती मानणं चूक आहे. प्रदर्शन इथेच पुरं होतं.

यावर पहिला आक्षेप असा, की कोलचं जेवणघर तरी कुठे सगळ्यांचं होतं? आक्षेप खरा आहे. इथे पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाच्या जेवणाचे पदार्थ वेगळे होते आणि कामकरी लोकांसाठी तिसऱ्या वर्गाची सोय होती. आगगाडीच्या डब्यांसारखी ही वर्गवारी त्या काळच्या इंग्लंडला खटकली नसेल, आपल्याला खटकायलाच हवी. तरी त्यातून माझा मुद्दा मोडत नाही, उलट पक्का होतो. वर्गभेद ताटात सर्वांत आधी उघडा पडला, कारण जेवणघर संस्थेचा खरा स्वभाव लपू देत नाही. भाषणात सर्वांना आमंत्रण देता येतं. पदार्थांच्या यादीत आणि किमतीत मात्र कोणाला खरोखर बोलावलं आहे ते दिसतं. आजही हे लागू आहे. २००१ पासून संग्रहालयाचा प्रवेश पुन्हा विनामूल्य आहे आणि शुक्रवारी दारं रात्री दहापर्यंत उघडी असतात, म्हणजे कोलची संध्याकाळ टिकून आहे. पण चहा आणि केक लंडनच्या भावानेच मिळतात. संस्थेचं औदार्य मोजायचं तर दाराबरोबर ताटाकडेही पाहावं.

दुसरा आक्षेप जास्त जोरकस आहे: उपाहारगृहाला असं महत्त्व दिलं, तर खाणं पुढे येतं आणि कला मागे पडते. याचा दाखला व्ही अँड एनेच दिला आहे. १९८८ मध्ये साची अँड साची या जाहिरात कंपनीने संग्रहालयासाठी भित्तिपत्रकं काढली. कॅफे फक्कड आहे आणि त्याला जोडून एक बऱ्यापैकी चांगलं संग्रहालयही आहे, असा त्यांचा सूर होता. त्यावर वादळ उठलं आणि संग्रहालयाने स्वतःला स्वस्त केलं अशी टीका झाली. टीका रास्त होती, पण चुकलं कुठे ते नीट पाहायला हवं. मॉरिस, गॅम्बल आणि पॉइंटर यांच्या दालनांतलं उपाहारगृह १९३९ मध्ये बंद झालं होतं आणि ते पुन्हा सुरू झालं २००६ मध्ये. म्हणजे जाहिरातीतला कॅफे या दालनांतला नव्हताच. तो खरोखरच ‘जोडलेला’ होता. संग्रहाशी त्याचं नातं एका छपरापुरतं. जेवणघर कलेच्या विचारातून उगवलेलं नसलं, की ते कलेचं प्रतिस्पर्धी होतं. जुन्या दालनांबद्दल अशी जाहिरात लिहिताच आली नसती, कारण तिथे कॅफे कुठे संपतो आणि संग्रहालय कुठे सुरू होतं ते दाखवता येत नाही.

तिसरी शंका जतनाची. वाफ, तेल, मुंग्या-झुरळं आणि शेकडो लोकांची वर्दळ यांच्याजवळ मौल्यवान कलाकृती ठेवू नये, हे कोणीही मान्य करेल. जुनं कापड किंवा कागदावरचं चित्र जेवणाच्या खोलीत टांगा, असं म्हणणं नाहीच. म्हणणं असं, की ही खोली पहिल्यापासून कलावंतांकडून, वापराला पुरून उरेल अशा साहित्यात घडवून घ्यावी. गॅम्बलच्या फरशा दीडशे वर्षांनंतरही उभ्या आहेत, त्या अशाच निवडीमुळे.

या दालनांचा मुंबईशी एक धागा आहे, आणि तो सहसा सांगितला जात नाही. जॉन लॉकवुड किपलिंग हा शिल्पकार साउथ केन्सिंग्टनमध्ये काम करत होता. १८६५ मध्ये तो मुंबईत सर जे. जे. कलाशाळेत शिकवायला आला. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याचा मुलगा रुडयार्ड मुंबईत जन्मला. बर्न-जोन्स आणि पॉइंटर हे लॉकवुडचे साडू. म्हणजे ज्या सुमारास दोन साडू लंडनमध्ये जेवणघराच्या भिंती रंगवत होते, त्याच सुमारास तिसरा मुंबईत शिल्पकला शिकवत होता. विल्यम एमर्सनने आखलेली क्रॉफर्ड मार्केटची, म्हणजे आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईची इमारत १८६९ मध्ये उभी राहिली. तिच्या दारावरची उठावशिल्पं किपलिंगची, आणि त्यांत कष्टकरी माणसं कोरलेली आहेत. भाजी-फळं घ्यायला येणाऱ्याच्या डोक्यावर शिल्पकाराचं काम असावं, हा विचार आणि साउथ केन्सिंग्टनच्या भोजनदालनांचा विचार एकाच घराण्यातला आहे. तेव्हा कला आणि पोट यांना एकत्र आणणं ही विलायतेची हौस आहे, आपल्याला तिचं काय, असं म्हणता येणार नाही. दीडशे वर्षांपूर्वी ते आपल्या मंडईच्या दारात आलेलं होतं.

पुढे मुंबईने याचा आपला असा नमुनाही घडवला. जहांगीर कलादालनात १९६४ मध्ये ‘समोवार’ सुरू झालं. वस्तुसंग्रहालयाच्या हिरवळीकडे तोंड असलेली ती चिंचोळी जागा मॉरिसच्या दालनासारखी सजलेली नव्हती. तिथली श्रीमंती बसणाऱ्यांची होती: चित्रकार, पत्रकार, विद्यार्थी, शेजारच्या कचेऱ्यांतले लोक. खिमा पराठा आणि पेरूचा रस घेऊन तिथे कितीही वेळ बसता येई. २०१५ मध्ये ते बंद झालं. कलादालनाला चित्रांसाठी जागा लागते आणि ती वापरण्याचा अधिकार त्याचाच असतो, हे खरं. पण चित्र पाहून झाल्यावर त्यावर बोलायला जागा नसेल, तर पाहणं अर्ध्यावर राहतं. आपल्या नाट्यगृहांत मध्यंतराला बटाटेवडा मिळतो आणि तो अनेकदा उत्तम असतो, पण घंटेच्या धाकात तो उभ्याने संपवावा लागतो. नाटक संपल्यावर वाद घालत बसायची सोय फार थोड्या ठिकाणी आहे.

म्हणून व्ही अँड एच्या या तीन दालनांकडे लंडनची शोभा म्हणून पाहून चालणार नाही. महाराष्ट्रात जिथे जिथे नवं कलादालन, नाट्यगृह किंवा संग्रहालय आखलं जातं, तिथे उपाहारगृह बहुतेकदा नकाशाच्या कोपऱ्यात आणि ठेकेदाराच्या निविदेत उरतं. ते आधी आखलं जावं. त्याच्या भिंतींचं काम कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांना मोबदला देऊन सोपवावं, भांडी जवळच्या कुंभाराकडून आणि तांबटाकडून घडवून घ्यावीत, पदार्थ त्या गावचे असावेत, आणि यादीत निदान एक ताट असं असावं की जे विद्यार्थ्याला आणि सफाई कामगारालाही परवडेल. बसलेल्या माणसाला कोणी उठवू नये. कोलने हे सगळं साधलं नाही. वर्गवारीच्या बाबतीत तो चुकलाच. पण आलेल्या माणसाला भूक असते हे त्याने कलेच्या आड येऊ दिलं नाही, उलट त्या भुकेसाठी त्याने आपल्या काळातले उत्तम कलावंत कामाला लावले. आपल्या संस्थांनी निदान इथून सुरुवात करावी.