पटापलीकडचा प्रतिस्पर्धी

मनातले मांडे खाणाऱ्याला तुपाची ददात नसते, असे आपण थट्टेने म्हणतो. बुद्धिबळाच्या पटाशी एकट्यानेच बसून दोन्ही बाजूंचे मोहरे हलविणाऱ्याची गतही अशीच असते. आपला वजीर जेथे हवा तेथे जातो, आणि समोरचे प्यादे आपल्या सोयीनेच पुढे सरकते. परंतु पटापलीकडे दुसरा माणूस येऊन बसला की सारे पालटते. त्याला स्वतःचे डोके असते, स्वतःचा हट्ट असतो, आणि आपण जे करू नये म्हणून मनात प्रार्थना करतो नेमके तेच तो करतो. असा प्रतिस्पर्धी लाभणे हा किती मोठा लाभ आहे, हे दाखविणारा एक खेळ जगात आहे. तो म्हणजे प्रशांत महासागरातील आरमारी युद्धाचा खेळ. आधी तो सेनाधिकाऱ्यांचा अभ्यास होता, आणि पुढे तो घरगुती पटावर आला.

संत लूक यांच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात प्रभू येशूने एका राजाचा दाखला दिला आहे. वीस हजारांची फौज घेऊन शत्रू चालून येत असता, आपल्या दहा हजारांनिशी त्याला तोंड देता येईल काय, याचा विचार तो राजा आधी बसून करतो. शिष्य होण्याची किंमत आधी मोजा, हे सांगण्यासाठी प्रभूने हा दाखला योजिला. ‘आधी बसून विचार करणे’ याचाच एक प्रकार म्हणजे युद्धाचा खेळ. मात्र तो विचार प्रामाणिक हवा. वीस हजारांना पाच हजार मानून केलेला हिशेब हा हिशेबच नव्हे.

अमेरिकेतील न्यूपोर्ट येथे १८८४ साली आरमारी युद्धविद्येचे महाविद्यालय स्थापन झाले. पहिल्या व दुसऱ्या महायुद्धांच्या दरम्यान तेथील अधिकारी मोठ्या दालनाच्या जमिनीवर चौकटी आखून, लहान लहान प्रतिकृती-जहाजे मांडून लढाया खेळत असत. अमेरिकेचा रंग निळा, जपानचा नारिंगी. काही अधिकारी निळ्या बाजूचे सेनापती होत, तर त्यांचेच सहाध्यायी नारिंगी बाजूने त्यांना हरविण्यासाठी जिवापाड झटत. दोन्ही पक्षांच्या मध्ये पडदे असत, आणि पंच सांगतील तेवढेच एकाला दुसऱ्याविषयी कळे. पुढे प्रशांत महासागरातील अमेरिकन आरमाराचे प्रमुख झालेले चेस्टर निमित्झ हे १९२२-२३ मध्ये तेथेच शिकले. त्यांनी १९६० साली सांगितले की, जपानशी झालेले युद्ध त्या दालनात इतक्या जणांनी इतक्या परींनी खेळून पाहिले होते, की युद्धाच्या अखेरीस जपानी वैमानिकांनी विमानांसह जहाजांवर घेतलेल्या आत्मघातकी उड्या सोडल्यास त्यांना कशाचेच नवल वाटले नाही.

जपानी अधिकारीही असे डाव मांडीत असत. पण त्यांचा एक डाव निराळ्या कारणाने इतिहासात राहिला. १९४२ च्या आरंभी जपानी आरमार विजयाच्या लाटेवर होते. त्या वर्षी ५ एप्रिलला, ऐन ईस्टरच्या रविवारी, अ‍ॅडमिरल नागुमो यांच्या विमानवाहू जहाजांवरून निघालेल्या विमानांनी कोलंबोवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी आपल्या पूर्व किनाऱ्यावरील विशाखापट्टणम व काकिनाडा येथेही जपानी बॉम्ब पडले. आता नागुमो यांना प्रशांत महासागराच्या मध्यावरील मिडवे या चिमुकल्या बेटावर धाडून, अमेरिकेची उरलेली विमानवाहू जहाजे बाहेर ओढून बुडवावीत, असा बेत सरसेनापती यामामोतो यांनी रचला.

त्या बेताची परीक्षा मे महिन्याच्या आरंभी ‘यामातो’ या प्रचंड युद्धनौकेवर पट मांडून घेण्यात आली. खेळाचे अध्यक्ष होते यामामोतो यांचे प्रमुख साहाय्यक अ‍ॅडमिरल उगाकी. म्हणजे ज्यांनी बेत उचलून धरला होता, तेच न्यायासनावर बसले होते. खेळात असा प्रसंग आला की, नागुमो यांची विमाने मिडवेवर हल्ला करण्यास गेली असता बेटावरील अमेरिकन विमाने त्यांच्या जहाजांवर तुटून पडली. पंच ओकुमिया यांनी नियमाप्रमाणे फासे टाकले आणि निर्णय दिला : नऊ बॉम्ब लागले, ‘आकागी’ व ‘कागा’ ही दोन्ही जहाजे बुडाली. उगाकी यांनी हस्तक्षेप करून नऊचे तीन केले. ‘आकागी’ला किरकोळ इजा, ‘कागा’ तेवढे बुडालेले, असा निवाडा झाला. इतकेच नव्हे, तर पुढील मोहिमेचा डाव मांडला तेव्हा बुडालेले ‘कागा’ही पुन्हा पटावर अवतरले! हा प्रसंग खुद्द ओकुमिया यांनी मित्सुओ फुचिदा यांच्यासह लिहिलेल्या पुस्तकात नोंदविला आहे. हे फुचिदा म्हणजे पर्ल हार्बरवरील विमानहल्ल्याचे नेते. युद्धानंतर त्यांनी ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली.

४ जून १९४२ रोजी मिडवेजवळ खरा डाव झाला. ‘आकागी’, ‘कागा’ आणि ‘सोर्यू’ या तीन जहाजांवर सकाळी काही मिनिटांच्या अवधीत बॉम्ब पडून ती पेटली. दुपारनंतर ‘हिर्यू’ची तीच गत झाली. चारही जहाजे नष्ट झाली. जपानचे सुमारे तीन हजार आणि अमेरिकेचे तीनशेहून अधिक लोक मेले. केवळ फाशांचा कौल झुगारल्यामुळे ही हार झाली, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. अमेरिकनांनी जपानचे गुप्त संदेश उलगडले होते, आणि जहाजांचा घात बेटावरील विमानांनी नव्हे, तर दबा धरून असलेल्या अमेरिकन विमानवाहू जहाजांवरील विमानांनी केला. तथापि आपली विमाने बेटाकडे गुंतली असता जहाजे उघडी पडतील, हा धोका पटाने महिनाभर आधी दाखविला होता. समोरच्याने दिलेला इशारा अध्यक्षांनी पुसून टाकला. मनात मांडे होते. पदरात धोंडे पडले.

हेच युद्ध पुढे घराघरांतील मेजांवर आले. १९६४ साली बाल्टिमोर येथील अ‍ॅव्हलॉन हिल या कंपनीने ‘मिडवे’ नावाचा पट विक्रीस आणला. त्यात दोन्ही खेळाडूंपुढे समुद्राचा चौकटी आखलेला नकाशा असतो, आणि आपली जहाजे कोठे आहेत हे प्रत्येकाने दुसऱ्यापासून लपवायचे असते. पाळी आली की एकजण विचारतो, “अमुक भागात तुमची जहाजे आहेत काय?” आणि दुसऱ्याने खरे उत्तर द्यायचे असते. वाचकहो, या साध्या नियमाकडे जरा थांबून पाहावे. हा खेळ सर्वस्वी लपवाछपवीचा. तरीही तो उभा आहे सत्यवचनावर. प्रतिस्पर्ध्याला चकविण्याची मुभा आहे, त्याच्याशी खोटे बोलण्याची नाही. तेथे पंच नाही, पहारेकरी नाही. साक्षीला आहे ती आपली सद्सद्विवेकबुद्धी. खोटे उत्तर देणारा जिंकेल खरा. पण मग तो ज्या खेळात जिंकला तो खेळच उरत नाही.

संगणक आल्यावर या खेळाने विराट रूप धारण केले. २००९ साली निघालेल्या ‘वॉर इन द पॅसिफिक : अ‍ॅडमिरल्स एडिशन’ या खेळात एक पाळी म्हणजे युद्धाचा एक दिवस. एक खेळाडू आपल्या जहाजांना, विमानांना, पलटणींना आज्ञा देतो आणि ते बाड ई-मेलने दुसऱ्याकडे धाडतो. तो आपल्या आज्ञा घालून परत पाठवितो. डिसेंबर १९४१ मधील पर्ल हार्बरपासून १५ ऑगस्ट १९४५ च्या जपानी शरणागतीपर्यंत दिवस मोजले, तर ते तेराशेहून अधिक भरतात. रोज एक पाळी झाली तरी सामना वर्षानुवर्षे चालतो. ज्याचे तोंडही पाहिले नाही अशा परदेशस्थ गृहस्थाशी माणूस इतका काळ बांधला जातो.

संगणकाशी एकट्याने खेळण्याचीही सोय आहे. परंतु यंत्र ठरावीक चाकोरीने चालते, आणि ती चाकोरी एकदा कळली की विजय स्वस्त होतो. जिवंत माणूस मात्र आपली सवय ओळखतो. आपण कोणत्या बंदरातून नेहमी तेलवाहू जहाजे सोडतो, हे ध्यानी घेऊन तो वाटेवर पाणबुडी ठेवतो. आपला उतावळेपणा, आपला लोभ, कंटाळ्यातून आलेली आपली हयगय, हे सारे तो आपल्याला दाखवितो. मित्र जे भिडेपोटी सांगत नाहीत, ते तो पटावर सांगतो.

यात जपानची बाजू घेणाऱ्याची परीक्षा सर्वांत कठीण. आरंभीचे महिने त्याचे असतात. परंतु १९४३ पासून अमेरिकेच्या कारखान्यांतून नवी विमानवाहू जहाजे एकामागून एक उतरू लागतात, आणि कितीही कौशल्य असले तरी त्याचे वर्तुळ आकसत जाते. तेव्हा काही खेळाडू पत्र धाडणे बंद करून गप्प होतात. आपल्या भरभराटीच्या दिवसांत ज्याने मुकाट्याने मार खाल्ला, त्याला त्याच्या पाळीचे फळ न देता निघून जाणे, ही एक प्रकारची वचनमोडच होय. हरणारा डाव अखेरपर्यंत सचोटीने खेळणारा गडी विजेत्याइतकाच मानास पात्र आहे.

युद्धाचा खेळ करावाच का, असे एखादी आई विचारील, आणि तिचा प्रश्न रास्त आहे. ज्याला आपण सोंगटी म्हणतो, त्या ‘कागा’वर आणि तिच्याशी लढताना पडलेल्या विमानांतही कोणा मातेचे पुत्र होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सरसकट विध्वंसाच्या युद्धाचा निषेध केला, हे विसरून खेळणाऱ्याने पट मिटून ठेवलेला बरा. पण जो मुलगा या खेळात तेल, अन्न, अंतर आणि माणसे यांचा हिशेब करावयास शिकतो, त्याला युद्ध हे बँड-बाजाचे प्रकरण वाटणार नाही, हेही खरे. वडिलांनी त्याच्यासमोर बसावे, खेळावे, आणि डाव संपल्यावर दोन्ही बाजूंच्या मृतांसाठी एक प्रार्थना म्हणावी.

आणि हा धडा केवळ आरमाराचा नाही. जमिनीचा तुकडा घेताना, मुलीचे लग्न ठरविताना, कर्ज काढताना आपणही बेताची परीक्षा करतो, आणि पुष्कळदा स्वतःच अध्यक्ष, स्वतःच पंच होऊन नऊचे तीन करतो. अशा वेळी घरात जो कोणी “हे जमायचे नाही” म्हणतो, मग ती पत्नी असो, धाकटा भाऊ असो की शेजारचा काका, त्याला आपण अपशकुनी ठरवितो. त्याला बोलू द्यावे. त्याचे फासे पडतील तसे वाचावे. दहा हजारांनिशी वीस हजारांपुढे जाणाऱ्या राजाला अशा सल्लागाराची गरज असते, आणि तो लढाईच्या आधीच भेटला तर ती परमेश्वराची कृपाच समजावी.